खुर्चीचे तास, कामाचे तास

२९ फेब्रुवारी २०२० पासून महाराष्ट्र शासनाच्या बहुतेक कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. वेळ पावणेदहा ते सव्वासहा. जेवणाचा अर्धा तास वजा जाता रोज आठ तास. शासनाचा हिशेब असा : पूर्वी वर्षाला २८८ दिवस, रोज सव्वासात तास, म्हणजे २०८८ तास, आता २६४ दिवस, म्हणजे २११२ तास. दिवस घटले, तास मात्र २४ ने वाढले !

परंतु हे तास खुर्चीचे. त्यात काम किती, हे हजेरीपटावरून कळत नाही. माझ्या दाखल्यासाठी वडिलांनी तीन खेपा घातल्या, तीन दिवसांची मजुरी बुडवली. सही एका मिनिटात झाली. तथापि सारा दोष कारकुनाचाही नव्हता; त्याचे काम उरकले होते, कागद साहेबांच्या टेबलावर अडला होता.

२०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने म्हणूनच तास न मोजता प्रत्येक सेवेला मुदत बांधली आणि विनाकारण विलंबास ५०० ते ५००० रुपये दंड ठेवला. उद्या कदाचित मीही त्या खुर्चीत बसेन. तेव्हा घड्याळाआधी समोरच्या बाकावरचा माणूस दिसावा, एवढीच इच्छा.