डोअरकीपरची कैफियत आणि प्रेक्षकांची साक्ष

नाटकाविषयी प्रेक्षकांचे मत काय पडले हे पडदा पडल्यानंतर विचारावयाचे असते, असा आपला सर्वसाधारण समज आहे. परंतु मायकेल आर. जॅक्सन या कृष्णवर्णीय अमेरिकन नाटककाराने ‘अ स्ट्रेंज लूप’ हे आपले संगीत नाटक रचताना हा क्रम मुळातच उलटा केला आणि प्रेक्षक पुढे जे म्हणणार होते त्यातील बराचसा भाग संहितेतच आगाऊ दाखल करून ठेवला. जून २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘प्लेराइट्स होरायझन्स’ या संस्थेच्या लहानशा रंगमंचावर हे नाटक प्रथम रुजू झाले, आणि तेथून पुढच्या पाच वर्षांत पुलित्झर पारितोषिक, टोनी पारितोषिक, ब्रॉडवे, लंडन असा त्याचा प्रवास झाला. या प्रवासात त्याच्यावर स्तुतीचा वर्षाव झाला हे खरे. तथापि त्या स्तुतीचा इतिहास हा निखळ कौतुकाचा इतिहास नाही, आणि म्हणूनच तो पाहण्यासारखा आहे.

नायकाचे नाव अशर, आणि त्याची नोकरीही तीच. ब्रॉडवेवर ‘द लायन किंग’ पाहावयास आलेल्या प्रेक्षकांची तिकिटे पाहून त्यांना खुर्चीपर्यंत पोचवणारा, आपल्याकडील नाट्यगृहांत ज्याला डोअरकीपर म्हणतात तसा, हा इसम वर्णाने काळा, देहाने स्थूल, समलिंगी आणि महत्त्वाकांक्षेने लेखक आहे. आणि तो जे संगीत नाटक लिहू पाहतो त्याचा नायकही एक कृष्णवर्णीय समलिंगी लेखकच असून तोही तसलेच नाटक लिहितो आहे. अशरच्या डोक्यातील सहा विचार रंगमंचावर सहा नटांच्या रूपाने वावरतात, त्याला टोचतात, हिणवतात, आणि प्रसंगी त्याचे आईबाप, त्याचा एजंट, एखाद्या रात्रीपुरता भेटलेला परका पुरुष अशी सोंगे घेतात. सारा प्रयोग सुमारे शंभर मिनिटांचा, विनामध्यंतर. आणि तरीही त्यातील पहिलेच गाणे मध्यंतरावर आहे, कारण अशर ज्या प्रेक्षकांना खुर्च्यांवर परत बसवण्याच्या खटपटीत आहे ते दुसऱ्याच नाटकाचे प्रेक्षक आहेत. खुद्द जॅक्सन यांनी अशीच नोकरी केलेली होती. डेट्रॉइटहून नाट्यलेखन शिकण्यासाठी न्यूयॉर्क विद्यापीठात आलेल्या या तरुणाने या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत केवळ मनाची तगमग शमवण्यासाठी एक स्वगत लिहिले, आणि त्याच स्वगताला गाणी, पात्रे आणि प्रसंग फुटत जाऊन दीड दशकाहून अधिक काळाने हे नाटक उभे राहिले.

या नोकरीकडे वाचकाने अंमळ लक्ष द्यावे. जो मनुष्य रोज रात्री प्रेक्षागृहाकडे तोंड करून उभा राहतो, त्याला प्रेक्षकांचे जे ज्ञान होते ते नटाला होत नाही आणि टीकाकाराला तर नाहीच नाही. कोण कोणत्या किमतीच्या खुर्चीवर बसतो, कोण कोणाशी कसा बोलतो, याची त्याच्याजवळ बिनचूक हजेरी असते. ब्रॉडवेची साधारण तीन-चतुर्थांश तिकिटे गौरवर्णीय खरेदी करतात, हे तेथील निर्मात्यांच्या संघटनेनेच अलीकडच्या काळात जाहीर केलेले आहे. ज्या शहरात १९२१ साली ‘शफल अलाँग’ या कृष्णवर्णीयांच्या संगीत नाटकाला काळ्या प्रेक्षकांना बाल्कनी सोडून खालच्या खुर्च्यांवर बसावयास मिळाले ही गोष्टच नवलाची ठरली होती, त्या शहरातील नाट्यगृहाचा हा एक अलिखित दप्तरखानाच म्हणावयाचा, आणि जॅक्सन यांनी तो उघडून रंगमंचावर मांडला.

प्लेराइट्स होरायझन्सचे मुख्य नाट्यगृह दोनशेच्या आतबाहेर खुर्च्यांचे. तेथे लॅरी ओवेन्स यांनी अशर रंगवला, दिग्दर्शन स्टीफन ब्रॅकेट यांचे होते, आणि तेथील प्रेक्षकवर्ग हा नवे, अवघड, प्रसंगी ओबडधोबड नाटक पाहण्याची सवय असलेला होता. तेव्हा तेथे मिळालेल्या स्वागतावरून पुढचे अनुमान बांधणे धाडसाचे झाले असते. शिवाय तो काळच असा होता की प्रेक्षागृहात कोण बसले आहे हा प्रश्न न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर उघडपणे चर्चिला जाऊ लागला होता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये जेरेमी ओ. हॅरिस यांच्या ‘स्लेव्ह प्ले’चा एक प्रयोग कृष्णवर्णीय प्रेक्षकांनाच मुद्दाम निमंत्रण देऊन करण्यात आला, आणि त्यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ शाई खर्ची पडली.

मग १२ मार्च २०२० रोजी ब्रॉडवेची सर्व नाट्यगृहे महामारीमुळे बंद झाली, आणि ४ मे रोजी, शहरात एकही प्रयोग चालू नसताना, या नाटकाला पुलित्झर पारितोषिक जाहीर झाले. संगीत नाटकाला ते मिळण्याची ही अवघी दहावी वेळ, कृष्णवर्णीय लेखकाच्या संगीत नाटकाला मिळण्याची पहिली, आणि ब्रॉडवेवर न गेलेल्या संगीत नाटकाला मिळण्याचीही पहिलीच. परंतु या सन्मानातील खरी विलक्षण गोष्ट अशी की, जे नाटक आरंभापासून अंतापर्यंत प्रेक्षकांशी हुज्जत घालते, त्याची कीर्ती सुमारे दीड वर्ष प्रेक्षकांवाचून वाढत राहिली. ज्यांनी ते पाहिले नव्हते अशा असंख्य लोकांचे त्याविषयी चांगले मत आधीच तयार झाले, आणि पुढे तिकीट काढून आत शिरताना ते मत त्यांनी बरोबर आणले. पारितोषिक मिळालेल्या नाटकाला येणारा प्रेक्षक अर्धा अधिक पसंती दारातच देऊन मोकळा होतो.

२०२१ च्या अखेरीस वॉशिंग्टनच्या ‘वूली मॅमथ’ या नाट्यगृहात प्रयोग पुन्हा सुरू झाले, तेव्हा अशरच्या भूमिकेत जॅक्वेल स्पायव्ही हा महाविद्यालयातून नुकताच बाहेर पडलेला तरुण होता. आणि एप्रिल २०२२ मध्ये हीच मंडळी ब्रॉडवेवरील लायसियम या नाट्यगृहात दाखल झाली. लायसियमची वास्तू १९०३ मधील. ज्या पुस्तकात डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताने, काळ्या माणसाला स्वतःकडे सदैव दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहावे लागते, हा आपला प्रसिद्ध सिद्धांत सविस्तर मांडला, तेही त्याच वर्षीचे. हा निव्वळ योगायोग आहे. परंतु नऊशेहून अधिक खुर्च्यांच्या त्या जुन्या, सोनेरी नक्षीच्या सभागृहात सहा विचारांनी घेरलेला अशर उभा असताना तो आठवल्यावाचून राहत नाही.

ब्रॉडवेवरील पहिल्या दोन-अडीच महिन्यांची एक बाब टीकाकारांच्या लेखनात फारशी आली नाही, पण मला ती महत्त्वाची वाटते. जूनअखेरपर्यंत तेथील नाट्यगृहांत प्रेक्षकांना मुखपट्टी सक्तीची होती. म्हणजे ज्या नाटकाचा सारा रोख प्रेक्षकांच्या चेहऱ्यावर, त्यांच्या ओशाळण्यावर, उसन्या हसण्यावर, गंभीर दिसण्याच्या धडपडीवर आहे, त्याच्या नटांना समोर केवळ डोळे दिसत होते. प्रतिसाद म्हणून जे काही मिळावयाचे ते हशाने आणि टाळीने. आणि टाळी ही या नाटकात निरुपद्रवी वस्तू नाही.

आता तो प्रसंग. अशरच्या आईची इच्छा अशी की, मुलाने टायलर पेरी या लोकप्रिय कृष्णवर्णीय नाटककाराच्या धर्तीवर देवाधर्माचे, भजनांनी भरलेले, कुटुंबासह पाहावे असे एखादे नाटक लिहावे. आणि अशर, संतापाच्या भरात, खरोखरच तसे नाटक लिहून दाखवतो. अंत्यविधीचा देखावा उभा राहतो, गायकवृंद सरसावतो, आणि चर्चमधील गॉस्पेलच्या त्या अनिवार ठेक्यावर, एड्स ही पापी माणसाला परमेश्वराने फर्मावलेली शिक्षा आहे अशा आशयाचे ध्रुपद पुनःपुन्हा घुमू लागते. चाल अशी की पाय स्वस्थ राहू नयेत. गायकवृंद प्रेक्षकांना ताल धरण्याचे आवाहन करतो, प्रेक्षक ताल धरतात, आणि शब्द कानांतून मनात उतरेपर्यंत हात वाजत राहतात. मग काहींचे हात मध्येच थांबतात, काही शेजाऱ्याकडे पाहून थांबतात, आणि काही थांबतच नाहीत. हे दृश्य पुष्कळ टीकाकारांनी नमूद केले आहे. परंतु ज्यांनी त्याचे वर्णन केवळ ‘धक्का’ असे केले त्यांच्या हातून त्याचे मर्म निसटले, असे मला वाटते. जॅक्सन येथे प्रेक्षकांना शरमिंदे करीत नाहीत, निदान तेवढेच करीत नाहीत. जे संगीत अशरला लहानपणापासून प्रिय आहे त्याच संगीतातून त्याच्या सर्वनाशाचे वॉरंट बजावले जाते, आणि तरी ते संगीत प्रियच राहते, ही त्याची कोंडी ते प्रेक्षकांच्या तळहातांत घडवून आणतात. ज्या मराठी प्रेक्षकाने १९७२ नंतरच्या काळात ‘घाशीराम कोतवाल’ पाहताना कीर्तनाच्या रंगात मान डोलावली आणि आपण कशावर डोलतो आहोत याचे भान मागाहून आले, त्याला या युक्तीची जात वेगळी सांगावयास नको.

कृष्णवर्णीय प्रेक्षकांचे मत एकजिनसी होते असे मानणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. ज्यांनी घरी प्रेम आणि चर्चमध्ये धिक्कार, किंवा दोन्ही ठिकाणी दोन्ही, असे बालपण काढले होते, त्यांना स्वतःचे घर इतक्या बारकाव्याने ब्रॉडवेवर मांडलेले प्रथमच दिसले. तथापि दुसरीही एक तक्रार होती, आणि ती रास्त होती: काळ्या समलिंगी माणसाचा आत्मद्वेष, त्याच्या आईची देवभोळी कठोरता, त्याच्या बापाची दारू, हे सारे अशा सभागृहासमोर का मांडावे जेथे बहुसंख्य प्रेक्षक गोरे आहेत आणि करुणेच्या मोबदल्यात करमणूक पदरात पाडून घरी जाणार आहेत? शिवाय पेरी यांच्या नाटकांवर ज्यांच्या आयांनी आणि मावश्यांनी जीव टाकला, त्यांना ती टवाळी कष्टी करून गेली. जॅक्सन यांनी हाही आक्षेप नाटकात घेतलाच आहे. पेरींना नाके मुरडणाऱ्या अशरवर त्याच्या वंशातील थोर पूर्वज रंगमंचावर अवतरून जातिद्रोहाचा ठपका ठेवतात. आक्षेप आधीच ओळखून दाखवला म्हणजे त्याचे उत्तर झाले असे मात्र नाही. आणि या एका ठिकाणी नाटककाराचे चातुर्य त्याच्या प्रामाणिकपणावर किंचित कुरघोडी करते, असे म्हणणे भाग आहे.

गौरवर्णीय प्रेक्षकांसाठीही संहितेत एक जागा राखलेली आहे, आणि तिची चर्चा व्हावी तेवढी झाली नाही. ‘द लायन किंग’ पाहावयास आलेली एक प्रौढ बाई अशरशी सहज बोलू लागते, त्याची व्यथा ऐकून घेते, निर्भयपणे लिही असा प्रेमळ सल्ला देते, आणि आपल्या खुर्चीकडे निघून जाते. तिचे वागणे खोटे नाही. तिचा सल्लाही वाईट नाही. प्रयोगाच्या शेवटी उभे राहून टाळ्या देणाऱ्या शेकडो सहृदय प्रेक्षकांचे इतके नेमके, आणि इतके कुत्सितपणाविरहित, चित्र दुसऱ्या कोणी काढल्याचे मला स्मरत नाही.

जून २०२२ मध्ये टोनी पारितोषिकांत अकरा नामांकनांपैकी सर्वोत्कृष्ट संगीत नाटक आणि सर्वोत्कृष्ट संहिता ही दोन पारितोषिके नाटकाच्या वाट्यास आली; नटसंचातील एल मॉर्गन ली यांचे नामांकन हे उघडपणे पारलिंगी असलेल्या अभिनेत्रीस मिळालेले पहिलेच. नायकाचे पारितोषिक मात्र स्पायव्ही यांना न मिळता ‘एमजे’ या नाटकात गायक मायकेल जॅक्सन साकारणाऱ्या नटाला मिळाले. आपल्या जगद्विख्यात नावबंधूच्या सावलीत आयुष्य काढलेल्या नाटककाराला याहून बोचरा विनोद सुचला नसता.

टोनीचे मुख्य पारितोषिक म्हणजे वर्षानुवर्षे चालण्याचा परवाना, असा ब्रॉडवेवरील जुना हिशेब आहे. २०१५ चे ‘फन होम’, ज्याची नायिका समलिंगी आहे, तेही पारितोषिकानंतर वर्षभराहून अधिक चालले. ‘अ स्ट्रेंज लूप’ १५ जानेवारी २०२३ रोजी, उद्घाटनापासून नऊ महिन्यांच्या आतच, बंद झाले. यावरून प्रेक्षकांनी ते नाकारले असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे ठरेल. ब्रॉडवेचे अर्थकारण पर्यटकांवर चालते, महामारीनंतर तो पर्यटक पूर्ववत परतला नव्हता, आणि जो परतला तो मुलाबाळांसह ‘द लायन किंग’ कडेच गेला. ज्या नाटकातील संभोगाचे आणि वर्णद्वेषी अवहेलनेचे प्रसंग निर्मात्यांनी सौम्य केले नाहीत, त्याने या सचोटीची किंमत तिकीटविक्रीत थोडीबहुत मोजली.

लंडनला बार्बिकन येथे २०२३ च्या जून ते सप्टेंबर अशी ठरावीक मुदतच मुक्रर केलेली असल्यामुळे हा प्रश्न उद्भवला नाही. तेथे ब्रॉडवेवर बदली नट असलेले काइल रामर फ्रीमन अशर झाले. पेरी यांचे नाव ज्यांच्या घरी रोजचे नव्हते अशा त्या प्रेक्षकांपुढे नाटकातील विडंबनाची धार बोथट होणे अपरिहार्य होते, आणि याउलट आईबाप, धर्म आणि देह यांचा गुंता अधिक ठळक होऊन पुढे आला. गंमत अशी की, लंडनमध्ये ‘द लायन किंग’ १९९९ पासून ज्या नाट्यगृहात चालू आहे त्याचे नाव लायसियम. अशरचा मालक तेथेही त्याच्या आधी पोचलेला होता.

२०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिस येथे, आणि बॉस्टनमध्ये ‘स्पीकईझी स्टेज’ व ‘फ्रंट पोर्च आर्ट्स कलेक्टिव्ह’ यांच्या भागीदारीत, निराळ्या नटसंचांनी नाटक उभे केले. यांपैकी बॉस्टनच्या प्रयोगाकडे माझे लक्ष अधिक जाते. कारण ‘फ्रंट पोर्च’ ही कृष्णवर्णीयांनी चालवलेली नाट्यसंस्था आहे, आणि आमंत्रण कोणाच्या नावाने निघाले यावर दाराशी कोण येते हे पुष्कळ अंशी ठरत असते. गॉस्पेलच्या त्या ठेक्यावर जे हात तेथे वाजले असतील, त्यांच्यापैकी कितीतरी हातांना तो ठेका रविवारच्या उपासनेतून आधीच ठाऊक होता.