चोक उघडला की इंजिन का बंद पडतं?
उन्हाळाभर पडून राहिलेला ग्रास कटर पावसाळ्यात चोकवर सुरू होतो आणि चोक उघडताच बंद पडतो. चोक हवा अडवतो, म्हणून मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. चोकशिवाय इंजिन तग धरत नसेल, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठूनतरी जादा हवा शिरतेय. पहिला संशय कार्ब्युरेटरच्या जेटवर घ्यावा. जुन्या पेट्रोलचा चिकट थर त्या बारीक छिद्रात बसतो. क्लीनर मारून हवेच्या दाबाने तो काढावा. तार मात्र कृपा करून घालू नका! जेटचं पितळ मऊ असतं. छिद्र मोठं झालं की इंजिन कायम जास्त पेट्रोल पितं. जेट स्वच्छ असेल, तर जादा हवा शिरतेय का हे पाहायला कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामधलं गॅस्केट तपासा.