एवे लोकांचे ढोलवादन व त्याचे शिक्षण

पश्चिम आफ्रिकेतील घाना देशाचा आग्नेय भाग व त्यालगतचा टोगोचा दक्षिण भाग ह्या प्रदेशांत एवे लोकांची वस्ती आहे. त्यांच्या उत्सवांत व अंत्यविधींत ढोलांच्या मेळास मानाचे स्थान असते. ह्या मेळाची शिक्षणपद्धती प्राथमिक शिक्षकांनी समजून घेण्याजोगी आहे.

मेळात प्रत्येक वाद्याचे कार्य ठरलेले असते. गांकोगुई ही लोखंडी जोडघंटा एकच आवर्तन अखंड वाजवीत राहते. आहात्से हा मण्यांची जाळी विणलेला भोपळ्याचा खुळखुळा तिला साथ देतो. कागानू हा लहान, उंच आवाजाचा ढोल. किडी व सोगो हे त्याहून मोठे. आणि आत्सिमेवू हा तिरपा टेकवून वाजविला जाणारा उंच, प्रमुख ढोल होय. त्याच्या संकेतांना किडी व सोगो उत्तर देतात.

हे वादन परंपरेने लिपीवाचून शिकले जाते. तबल्याप्रमाणे येथेही आघातांना बोल असतात. ते प्रथम मुखाने म्हणावयाचे व मग हाताने वाजवावयाचे. मुले मोठ्यांचे ऐकून अनुकरण करतात, चुकल्यास मोठी माणसे सुधारतात. घानाचे संगीतशास्त्रज्ञ क्वाबेना न्केटिया (१९२१–२०१९) यांनीही आफ्रिकेतील संगीतशिक्षणात अनुकरण व प्रत्यक्ष सहभाग यांचे महत्त्व दाखवून दिले आहे.

ह्या शिक्षणाचे मर्म पुढील प्रयोगावरून ध्यानात येईल. सर्वांनी १ ते १२ अंक समगतीने पुनःपुन्हा म्हणावेत. एका गटाने १, ४, ७ व १० ह्या अंकांवर पाय आपटावा; ही नर्तकांची पावले होत. दुसऱ्या गटाने १, ३, ५, ६, ८, १०, १२ ह्या अंकांवर टाळी वाजवावी; हे घंटेचे सुप्रसिद्ध आवर्तन होय. दोन्ही गट १ व १० ह्या दोनच अंकांवर एकत्र येतात. इतरत्र शेजाऱ्याच्या ओघात वाहून जाण्याचा मोह होतो. तो आवरून, शेजाऱ्याचे ऐकत, आपला भाग सांभाळणे हाच खरा अभ्यास होय.

म्हणूनच हाताची चपळाई येथे दुय्यम ठरते. कागानूचे मोजके आघात एकटे ऐकल्यास अर्थहीन वाटतात. घंटेच्या संगतीत त्यांना अर्थ येतो. उलट, घंटा चुकली तर निष्णात प्रमुख वादकही निराधार होतो. लहानशा कामावर सर्वांचे काम उभे असते, हे ज्या मुलास अनुभवाने कळले, त्यास सहकार्याचा पाठ निराळा द्यावा लागत नाही.