कॅल्शियम दिले, तरी गाय उठत का नाही?

रात्री व्यालेली गाय सकाळी गोठ्यात बसून असते. मान पोटाकडे वळलेली, कान गार. डॉक्टर येतात, दुग्धज्वर ओळखून शिरेतून कॅल्शियम देतात. (नावात ज्वर असला तरी या आजारात अंग तापत नाही, उलट गार पडते.) बहुतेक गायी त्यानंतर उभ्या राहतात. एखादी मात्र तरतरीत होते, चारा खाते, पुढच्या पायांवर रेटा देते. पण मागचा भाग काही उचलत नाही. ‘इंजेक्शन लागू पडले नाही’ असे मग म्हटले जाते. खरे तर तोवर दुखणे मांडीत उतरलेले असते.

बसलेल्या गायीचा एक मागचा पाय अंगाखाली असतो. संकरित गायीचे वजन चार-पाचशे किलो. धडधाकट गाय कूस बदलते. लुळी पडलेली गाय तासन् तास त्याच पायावर राहते. मांडीचे स्नायू ‘फेशिया’ नावाच्या चिवट, पांढरट पडद्यात घट्ट गुंडाळलेले असतात. एरवी हा पडदा फार उपयोगाचा. तो स्नायूंना जागेवर धरतो, त्यांचा जोर सांध्यांपर्यंत पोचवतो. पण तो फारसा ताणला जात नाही. वजनाखाली रक्त अडले की स्नायू सुजतो, सुजेला बाहेर जागा नसते, आतला दाब वाढतो आणि उरलासुरला रक्तपुरवठाही तुटतो. स्नायू मरू लागतो. पायात उतरणारा मज्जातंतूही चेपतो. अशी गाय उभी राहिलीच तर खुरावरचा सांधा पुढे दुमडतो. लघवी तपकिरी झाली, तर मेलेल्या स्नायूंचा रंग त्यात उतरत असू शकतो.

याला दिवस लागत नाहीत. अमेरिकेत १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गायींना भूल देऊन ६ ते १२ तास एका मागच्या पायावर बसवून ठेवले. भूल उतरल्यावर त्यातल्या काही उठूच शकल्या नाहीत. त्यांना दुग्धज्वर नव्हता, फक्त दाब होता.

म्हणून डॉक्टरांना सकाळपर्यंत न थांबता बोलवावे. सरकारी फिरत्या पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. ते येईपर्यंत गाय सिमेंटच्या कोब्यावरून मातीवर किंवा वाळूवर घ्यावी, खाली पेंढ्याचा जाड थर द्यावा. ओढायचीच वेळ आली तर ताडपत्रीवर घेऊन. पाय धरून फरफटवू नये. दर तीन-चार तासांनी कूस बदलावी, रात्रीसुद्धा. मागचे पाय फाकत असतील तर मऊ दोरीने थोडे अंतर ठेवून बांधावेत, नाहीतर जांघेतले स्नायू फाटतात. शेपटी पिळून उठवण्याचा हट्ट मात्र सोडावा. बधिर पायावर गाय पुन्हा आदळते आणि शाबूत पायही जातो.