घर घेताना पडवीचा हिशेब

गेल्या मे महिन्यात धाकटा भाऊ दुबईहून सुट्टीवर आला आणि आम्ही कुडाळात फ्लॅट पाहायला निघालो. मालवणकडच्या गावी आमचं जुनं चिऱ्याचं घर आहे. पण मुलांचं कॉलेज, अम्मीच्या गुडघ्यांचे डॉक्टर आणि रेल्वे स्टेशन, तिन्ही जवळ पडावं म्हणून कुडाळ. एकाच इमारतीत दोन फ्लॅट पसंतीला उतरले होते. एक तीन बेडरूमचा, बाल्कनी काचा लावून खोलीत घेतलेली. दुसरा दोनच बेडरूमचा, पण पूर्वेला चांगली ऐसपैस उघडी गच्ची. भावाचा ओढा अर्थातच पहिल्याकडे. "एसी लावू, प्रश्न मिटला," तो म्हणाला.

अम्मी हॉलमध्ये खुर्चीवर बसून पदराने वारा घेत होती. तिनं दोनच प्रश्न विचारले. "सोलां सुकत घालूची खंय?" आणि थोडं थांबून, "उद्या माजी मयत झाली तर माणसां खंय बसतली?"

भाऊ चिडला. मी मात्र त्या रात्री बराच वेळ जागी होते.

आपल्याकडच्या जुन्या घराची रचना आठवून पाहा. पुढे खळं, मग पडवी, ओटी, माजघर आणि मागे पुन्हा पडवी. दिवाळीनंतर खळं चोपून, सारवून त्यावर माटव पडायचा आणि पावसाआधी उतरायचा. त्या माटवाखाली निकाह झाले, इफ्तारीची दस्तरखानं पसरली, मयतीला गाव बसला. पावसाळ्यात पडवीला झापं बांधली की कपडे वाळायचे तिथेच. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चार महिने कपडे कुठे वाळणार, हा प्रश्न फ्लॅट विकणाऱ्याला पडत नाही, घरातल्या बाईला पडतो.

या रचनेमागे उन्हाचा चोख हिशेब होता. सातवी-आठवीच्या मुलांना मी खारे वारे आणि मतलई वारे शिकवते: दिवसा जमीन लवकर तापते म्हणून वारा समुद्राकडून येतो, रात्री जमीन लवकर निवते म्हणून तो उलटा वाहतो. किनाऱ्यावर उकाड्याचं मूळ नुसत्या तापमानात नसतं. हवेतली वाफ इतकी असते की घाम वाळत नाही. अशा हवेत अंगाला सावली आणि वारा ही दोनच औषधं. पडवी दोन्ही देते. तिचं छप्पर इतकं खाली उतरतं की उंच माणसाला वाकून आत यावं लागतं. त्यामुळे घराच्या भिंतीला ऊन लागतच नाही आणि भिंत तापली नाही की रात्री ती आत उष्णता सोडत नाही. वर मंगलोरी कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते.

आता फ्लॅटचं पाहू. मालवण साधारण १६ अक्षांशावर येतं, म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर. सगळ्यात वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर ते ऊन पितो आणि रात्रभर परत करतो. दुसरी गोष्ट 'सी व्ह्यू'ची. जाहिरातीत हा शब्द दिसला की भाव चढतो. पण आपला समुद्र पश्चिमेला, आणि दुपारी तीननंतरचं तिरपं ऊनही तिकडूनच येतं. पावसाची झडही तिकडूनच. वारा हवा असेल तर तोही तिकडूनच. म्हणजे पश्चिमेची बाल्कनी खोल आणि सावलीची हवी. चार फुटांची पट्टी आणि तिला काचा, हे तर उन्हाला घरात बोलावणंच झालं.

हा पेच मुंबईत एका मोठ्या वास्तुविशारदालाही पडला होता. चार्ल्स कोरिया यांची कांचनजंगा ही उंच इमारत १९८३ साली पुरी झाली. तिथेही समुद्र, ऊन आणि पाऊस एकाच बाजूला. त्यांनी जुन्या बंगल्यांचे व्हरांडे डोळ्यांसमोर ठेवून प्रत्येक घराला दोन मजले उंचीची खोल गच्ची दिली. श्रीमंतांची इमारत आहे ती, आपल्या ऐपतीची नव्हे. पण कल्पना पडवीचीच.

भावानं त्याच्याकडचा दाखला काढला: दुबईच्या जुन्या अल फहिदी भागात घरांना मध्ये चौक असतो, उर्दूत आपण ज्याला सहन म्हणतो तो, आणि वर वारा पकडणारे मनोरे. मग आपणही गावच्या जागेत उंच भिंतींचा चौक बांधला तर? मी म्हटलं, बंद चौक कोरड्या उन्हाला अधिक मानवतो. तिथे रात्री हवा चांगली गार होते आणि चौकात साचून राहते. आपल्या दमट हवेत उंच भिंती वाराच अडवतील. आपलं घर बाहेर उघडलेलं बरं.

एक गोष्ट मात्र आपल्या घरांत उघड बोलली जात नाही. बाल्कनी बहुधा रस्त्यावर किंवा समोरच्या खिडक्यांवर उघडते. जुन्या घरात पुढची ओटी पाहुण्यांची आणि मागची पडवी बायकांची, अशी सोय होती. फ्लॅटमध्ये एकच बाल्कनी, तीही सगळ्यांच्या नजरेत. मग बायका तिथे बसत नाहीत. ती अडगळीची होते आणि वर्षभरात तिला काच लागते. माझ्या मते बाल्कन्या बंद होण्याचं हे मोठं कारण आहे. उपाय महाग नाही. छातीच्या उंचीपर्यंत जाळी, वर बांबूची चिक. नजर अडते, वारा अडत नाही.

पैशांच्या बाजूलाही लक्ष द्या. २०१६च्या रेरा कायद्यानं कार्पेट एरियाची व्याख्या ठरवून दिली आहे. त्यात तुमच्या एकट्याच्या वापराची बाल्कनी, व्हरांडा किंवा उघडी गच्ची धरलेली नाही. तेव्हा गच्चीचे पैसे वेगळे लावलेत की दरातच मिसळलेत, हे स्पष्ट विचारा. तिचं माप आणि ती फक्त तुमच्याच वापराची आहे हे, दोन्ही करारात वेगळं लिहून घ्या. इमारतीची सामाईक गच्ची आणि उघडं पार्किंग सगळ्यांचं असतं, ते कोणी एकट्याला विकू शकत नाही. आणखी एक: ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत आहे किंवा ज्यात आठपर्यंतच सदनिका आहेत, त्याला महारेराची नोंदणी सक्तीची नाही. तालुक्याच्या गावांत अशा लहान इमारती पुष्कळ, म्हणून तिथे कागद स्वतः वकिलाकडून तपासून घ्यावे लागतात. आम्हाला दाखवलेल्या पहिल्या फ्लॅटची बाल्कनी कोणाच्या परवानगीनं बंद केली, याचं उत्तर शेवटपर्यंत मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता मी भावाला पुन्हा तिथे घेऊन गेले. वीज गेलेली होती, हे आमचं नशीब. बंद बाल्कनीच्या खोलीत तो पाच मिनिटं थांबला. मग उघड्या गच्चीवर, इमारतीच्या सावलीत अर्धा तास बसला. तिथूनच त्यानं भावजयीला फोन लावला आणि दोन बेडरूमचा फ्लॅट नक्की केला. तिसऱ्या खोलीची हळहळ भावजय अजून करते, आणि ती चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. मुलं मोठी होताहेत.

अम्मी कायमची राहायला आलेली नाही. डॉक्टरकडे यायचं असलं की आठ दिवस येते. यंदा तिनं गच्चीवर जुनी साडी अंथरून रातांब्याची सालं वाळत घातली, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या दोघी जणी विचारपूस करायला वर आल्या आणि मगरिबपर्यंत बसल्या. तिच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून आमच्यापाशी नाही. मयतीसाठी आणि लग्नाच्या हळदीसाठी खालची पार्किंगची जागा सगळ्यांना मोकळी मिळावी, असा अर्ज आम्ही सात कुटुंबांनी मिळून सोसायटीकडे दिला आहे. त्यात चार घरं हिंदू आहेत, तीन आपली.