हात न धरता नाचायचा वॉल्ट्झ

जालन्यात वॉल्ट्झ शोधायला निघालात तर नाचघर सापडणार नाही, पाळणा सापडेल. जुन्या जालन्यात असो की कुंडलिकेपलीकडे नव्या जालन्यात, बारशाला बायका पाळणा म्हणू लागल्या की दोरीच्या ये-जा करण्यात एक झोका तयार होतो. तबलजी त्याला दादरा म्हणेल: धा धी ना, धा ती ना. मात्रा सहा, तीन-तीनचे दोन भाग, पहिल्या मात्रेवर सम आणि चौथीवर खाली.

वॉल्ट्झही तीनच मोजतो, पण त्याला खाली नाही. दर तिसऱ्या मात्रेनंतर पहिलीचा ठोका पुन्हा तितक्याच वजनाने पडतो, आणि नाचणारं जोडपं त्या ठोक्यावर गिरकी घेतं. व्हिएन्नाचे वादक तर दुसरी मात्रा किंचित आधीच वाजवतात, म्हणून तो ताल पुढे कलंडल्यासारखा वाटतो. मूळ हा आल्प्सच्या पायथ्याच्या खेड्यांतला शेतकऱ्यांचा नाच, लेंडलर. शहरात आला, वेग वाढला, आणि १८६७ साली धाकट्या योहान स्ट्राउसचा ‘ब्लू डॅन्यूब’ पहिल्यांदा वाजला तोवर अख्ख्या युरोपचा झाला. पण भांडण झालं ते मिठीवरून. आधीचे दरबारी नाच बोटांच्या टोकांवर चालत. इथे पुरुषाचा हात थेट बाईच्या कमरेला. १८१६ साली लंडनच्या ‘टाइम्स’ने त्यावर संतापाचा अग्रलेख लिहिला होता.

हे सगळं गोव्यात पोचलं तेव्हा काय झालं, ते मला जास्त मोलाचं वाटतं. एकोणिसाव्या शतकात साष्टीतल्या, विशेषतः कुडतरीच्या, ख्रिस्ती भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, वाड्यांत लग्नाच्या दिवाणखान्यात मांडो हा नाच-गाण्याचा प्रकार उभा राहिला. शब्द कोंकणी, सुरावट चर्चच्या शाळांतून शिकलेली, दोन आवाज एकमेकांना धरून चालणारे. ताल सहा मात्रांचा, पण इतका संथ की दादऱ्यावर वाढलेल्या माझ्या कानाला पाळण्याला कुणी हळूच हात लावून थोपवल्यासारखा वाटतो.

आणि मिठी? ती गाळली. पुरुषांची एक रांग, बायकांची एक, समोरासमोर. बाईच्या अंगात जरीकाम केलेला तोरोप-बाजू, हातात पंखा. रांगा पुढे सरकतात, मागे येतात, एकमेकींतून पार होतात, स्पर्श नाही. व्हिएन्नात जे काम कमरेवरचा हात करी, ते इथे पंखा करतो: उघडतो, मिटतो, चेहरा अर्धा झाकतो. माझ्या मते युरोपच्या नाचाची एवढी समजूतदार दुरुस्ती दुसरीकडे झाली नसावी. भाटकारांच्या सोवळ्यामुळे ती करावी लागली, हेही खरं. स्पर्श अडवल्यावर गाण्यात विरह भरून आला. लोटलीच्या तोर्कात द फिगरेदोंचा ‘आदेवस’ हा निरोपाचा मांडो आजही कार्यक्रमाच्या शेवटी म्हणतात.

सोबतीला व्हायोलिन आणि घुमट. घुमट म्हणजे दोन्हीकडे तोंड असलेलं मातीचं भांडं, मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं. पूर्वी ते घोरपडीचं असे. वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळालं आणि शेळीचं आलं. जुने वादक आवाज बदलल्याची कुरकुर करतात. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला.

मांडो संपता संपता दुलपद लागतं. लय चढते, शब्द खट्याळ होतात. वादकाचा एक हात कातड्यावर पडत असतो आणि दुसरा तळवा भांड्याचं मागचं अरुंद तोंड झाकत-उघडत राहतो: घुम उघडा, घुम बंद.