जुनी भिंगे, नवे कॅमेरे

छायाचित्राचे श्रेय सामान्यतः कॅमेऱ्याला दिले जाते. वस्तुतः चित्र घडविते ते त्याच्या पुढे बसविलेले भिंग. कॅमेरा जुना झाला की अडगळीत जातो. भिंगाचे तसे नाही. काच निर्मळ असेल, तर साठ वर्षांपूर्वीचे भिंगही आज उत्तम काम देते. म्हणूनच जुनी भिंगे जमवून त्यांनी छायाचित्रे टिपण्याचा छंद देशोदेशी रुजला आहे.

या छंदात अनेकांच्या हाती प्रथम येते ते ५८ मिलिमीटर केंद्रांतराचे रशियन ‘हेलिऑस–४४’. त्याचे मूळ मात्र जर्मनीतले. येना येथील झाइस कारखान्यात विली मेर्टे यांनी रचलेल्या ‘बायोटार’ भिंगाचा तो वंशज होय. १९४५ साली महायुद्ध संपल्यावर सोव्हिएत संघाने भरपाई म्हणून त्या कारखान्यातील यंत्रसामग्री नेली, आणि पुढे मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथे हेलिऑस आकारास आले. ‘झेनिट’ कॅमेऱ्यांबरोबर ही भिंगे विपुल संख्येने बाहेर पडली.

त्याचे आकर्षण एका दोषात आहे. छिद्र पूर्ण उघडले असता चित्राच्या कडेकडे जाणाऱ्या तिरप्या किरणांपैकी काही भिंगाच्या नळीतच अडतात. त्यामुळे मध्यभागी गोल उमटणारे प्रकाशाचे ठिपके कडेला बदामासारखे लांबट होतात, आणि झाडीची पार्श्वभूमी मुखाभोवती भोवऱ्यासारखी फिरते आहे असा भास होतो. छिद्र लहान करताच हा भोवरा ओसरतो. शास्त्रज्ञांनी जे टाळू पाहिले, तेच रसिक आता हौसेने शोधतात.

दुसरा भेद लेपाचा. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. हेलिऑसच्या रचनेत हवेला भिडणारे असे आठ पृष्ठभाग आहेत. लेप नसता तर चतुर्थांशाहून अधिक प्रकाश वाया गेला असता आणि चित्रावर धूसर छटा पसरली असती. झाइसच्याच अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली यावर पातळ लेपाचा उपाय काढला. त्या काळचे लेप साधे असल्याने सूर्य समोर असता जुनी भिंगे अजूनही किंचित मवाळ चित्र देतात.

२००८ पासून आरसा नसलेले कॅमेरे प्रचारात आले, आणि या छंदाचा मार्ग मोकळा झाला. आरशासाठी ४२ मिलिमीटर आट्यांच्या जुन्या भिंगांना मागे सुमारे साडेपंचेचाळीस मिलिमीटर अंतर लागे. नव्या कॅमेऱ्याची खोली त्याहून पुष्कळ कमी. उरलेले अंतर धातूची एक पोकळ कडी भरून काढते. केंद्र साधणे आणि छिद्र बदलणे मात्र हातानेच करावे लागते.

विकत घेताना भिंगातून मागून विजेरीचा झोत टाकून पाहावा. थोडी धूळ क्षम्य; कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी. मुंबई-कोकणच्या पावसाळी दमट हवेत ती झपाट्याने वाढते. वेळीच पुसली तर निघते. एकदा लेप आणि काच कोरली गेली, की उपाय उरत नाही. भिंग चामड्याच्या बंद पेटीत कोंडू नये. ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवावे, पुड्या वरचेवर बदलाव्यात, आणि भिंग नेहमी वापरात असू द्यावे.